कन्नडात कुणी मरत नाही

गुरुपादअण्णांच्या मराठी गोष्टीत पहिलं पान उलटायच्या आत कुणीतरी मरायचंच. आम्हाला वर्गात जोतिबाच्या सहलीवर लिहायला सांगितलं, तर यांनी डोंगर चढायच्या आधीच नारळवाला मारला. म्हटलं, अण्णा, त्या बिचाऱ्यानं तुमचं काय घोडं मारलं होतं? म्हणाले, "माणूस हाय की. मरणारच."

अण्णा गूळबाजारातले अडते. नव्वदच्या दशकात विद्यापीठात दोन भाषांतल्या लेखनाचा वर्ग निघाला आणि पन्नाशी ओलांडलेले अण्णा आम्हा पोरापोरींत येऊन बसले. आम्ही सगळ्यांनी ऐटीत मराठी-इंग्रजी घेतलं, यांनी मराठी-कन्नड. सर्टिफिकेट टांगायला दुकानात वजनकाट्याच्या वर खिळासुद्धा पहिल्याच आठवड्यात ठोकून घेतला. गिऱ्हाईक आलं की आधी खिळा दाखवायचे, मग गूळ.

पण खरी गंमत पुढंच होती. मराठीत मेलेली सगळी माणसं कन्नडात ठणठणीत असायची. तोच नारळवाला कन्नडात मुलीचं लग्न लावून पंगतीत आग्रह करकरून पुरणपोळ्या वाढत होता. कन्नडचे सर निपाणीकडचे, एकदम शांत माणूस, पण हे आम्हाला सांगता सांगता त्यांचंही डोकं फिरायची वेळ आली.

वर्षाअखेरीला एकच गोष्ट दोन्ही भाषांत लिहून द्यायची होती. अण्णांनी नवरा-बायकोची लिहिली. मराठीत बायको दवाखान्यात वारली. कन्नडात तीच बाई रिक्षातनं घरी आली आणि दूध उतू घालवलं म्हणून तिनं नवऱ्याला फैलावर घेतलं.

गोष्ट जुळत नाही, नापास करावं लागेल, असं मराठीच्या मॅडमनी स्पष्ट सांगितलं. कन्नडातही तिला मारून टाका, म्हणून सरांनी विनवलं. अण्णा ढिम्म. माझ्या डोळ्यांपुढं तो खिळा. शेवटी मॅडम कंटाळून म्हणाल्या, मग मराठीतही जगू दे की तिला.

अण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मराठीत खोटं कसं लिहू, मॅडम? दवाखान्यातनं फोन मराठीत आलता. भेटाय आलेली समदी मराठीतच बोलली. घरात माझ्यासंगं कन्नड बोलणारी ती एकटीच हुती. कन्नडात मला अजून कुणी सांगितलंच न्हाय."

कन्नड येणारे सर समोरच बसले होते. त्यांनी तोंड उघडलं नाही. मला तेव्हा त्यांचे पाय धरावेसे वाटले.

नियम तो नियम, अण्णा नापास झाले. पुढच्या वर्षी पुन्हा फी भरली, पुन्हा तीच गोष्ट दिली, पुन्हा नापास. त्यानंतर एकदा मी गूळ आणायला गेले, तर खिळ्याला कापडी पिशवी लटकत होती. चहा मागवला त्यांनी. मी हळूच विचारलं, मग यंदा कन्नडात काय म्हणतात वहिनी?

"काय म्हणणार? सारखा नापास होतोय म्हणून जेवाय वाढंना झालीया."