बाकदार

विशेषणांच्या बाबतीत माझा हात धरणारा आमच्या संग्रहालयात कोणी नाही! पेंढा भरलेल्या पक्ष्यांचं नवं दालन उघडायचं ठरलं, तेव्हा मी संचालक मॅडमना छातीठोकपणे सांगितलं, "प्रत्येक चोचीचं वर्णन एकदोन शब्दांत उरकतो! 'चोच' असंही लिहायला नको. ती काय, समोर दिसतेच आहे!"

"सोमवारी उद्‌घाटन आहे," मॅडम म्हणाल्या. "घोळ झाला तर तुम्हालाच पेंढा भरून उभं करीन."

मी यादी केली. गरुड – बाकदार. घार – बाकदार. पोपट – बाकदार, आखूड. बगळा – लांब, टोकदार. पाट्या रंगवणाऱ्यासाठी कागद दालनातल्या टेबलावर ठेवला आणि खुशाल दोन दिवस रजेवर गेलो.

सोमवारी येऊन बघतो तर काय, पाटी एकही नाही! गरुडापुढे मात्र बसायचा बाक! घारीपुढे बाक! पोपटापुढे तर दीड माणसाला पुरेल एवढासा बाक! सुतारकाम करणारे मिस्त्री शेवटचा स्क्रू पिळत होते.

"मिस्त्री, हे काय?"

"यादीबरहुकूम!" त्यांनी खिशातून माझाच कागद काढला.

"अहो, बाकदार म्हणजे वाकलेली! चोच!"

"चोच कुठं लिहिलीय यात?"

मी कागद ओढून घेऊन वरपासून खालपर्यंत वाचला.

"दुकान असतं तो दुकानदार," मिस्त्री शांतपणे म्हणाले. "बाक असतो तो बाकदार. चुकलं का काही?"

आयुष्यात पहिल्यांदाच व्याकरण माझ्यावर उलटलं!

"फक्त बगळ्याचं अडलंय साहेब. लांब बाक करीन, पण टोकदार केला तर माणूस बसणार कसा?"

"काढा हे सगळे! आत्ताच्या आत्ता!"

"फरशीत ठोकलेत. फरशीच उखडेल."

तेवढ्यात मॅडम पाहुण्यांना घेऊन आत आल्या. मॅडमनी आधी बाकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्या तोंड उघडणार, तोच तीन जिने चढून घामाघूम झालेले प्रमुख पाहुणे "अरे वा!" म्हणत गरुडाकडे पाठ करून मटकन बसले. त्यांच्यामागोमाग सगळेच बसले. पोपटापुढे तर दोघांची ढकलाढकली झाली!

जाताना पाहुण्यांनी अभिप्रायाच्या वहीत लिहिलं, 'बसण्याची सोय उत्तम. मागे काही पक्षीही ठेवले आहेत असे कळते.'

मॅडमनी वही मिटली. "आता वरच्या मजल्यावरच्या सापांची यादी करायची आहे."

मी लगबगीनं पेन काढलं.

"तुम्ही नाही हो," मॅडम म्हणाल्या. "मिस्त्री!"