दाराबाहेरची चार मिनिटं

"पहिली दहा मिनिटं! बस्स, पहिली दहा मिनिटं पाहिली की अख्खी मालिका मला तळहातावरच्या रेषांसारखी दिसते!"

छाती फुगवून हे सांगणारा माणूस म्हणजे आमचा दिग्दर्शक. आयुष्यात त्यानं तीन चित्रपट काढले. पहिला तीन दिवस चालला, दुसरा दोन दिवस, आणि तिसरा लागला त्याच संध्याकाळी चित्रपटगृहाची वीज गेली. ती मालकानं स्वतः घालवली, असं लोक म्हणतात! तेव्हापासून गडी वर्तमानपत्रात नव्या मालिकांची परीक्षणं लिहू लागला. दर शुक्रवारी, टोपणनावानं. आपल्याला जे जमलं नाही ते दुसऱ्यालाही कसं जमलेलं नाही, हे सांगण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

"आणि उरलेले पाच तास कोण बघणार?" बायकोनं पायात चपला सरकवत विचारलं. ती दातांची डॉक्टर; लोकांना आ करायला लावणं हा तिचा धंदाच.

"अनुभव बघतो!" दिग्दर्शक म्हणाला. बायको काही न बोलता दवाखान्यात गेली. संसार टिकतात ते असे.

त्या आठवड्याची मालिका अग्निशमन दलावर होती. दुपारचं भरपेट जेवण, मऊ सोफा, शेजारी मटार सोलत बसलेल्या सासूबाई. अकराव्या मिनिटाला पडद्यावर आग भडकली आणि इकडे दिग्दर्शकाची मान कलंडली! झोपेत कूस बदलताना कोपर रिमोटवर पडलं, मालिका गेली आणि कुठल्याशा वाहिनीवरचा जुना चित्रपट लागला. सासूबाईंना वाटलं, गोष्ट पुढे सरकली. त्या बघत राहिल्या.

दिग्दर्शक उठला तेव्हा पाच वाजले होते. सहाला मजकूर द्यायचा होता!

"आई, लवकर सांगा, शेवटी काय झालं?"

"अहो, काय सांगू जावईबापू! एक माणूस हातात हत्यारांची पेटी घेऊन बंद दाराबाहेर उभा. चांगली चार मिनिटं नुसता उभा! हात वर करतो, खाली घेतो..."

"आणि दार उघडतो?"

"छे हो! तसाच निघून जातो. मला तर इतकं..."

"पुरे, आई! मिळालं!"

"अहो, पण ऐका तरी! आत त्याचा..."

ऐकतो कोण! दिग्दर्शकाची बोटं कळफलकावर खेळण्यातल्या माकडासारखी टकाटका चालू लागली होती. "आत आग धुमसते आहे," त्यानं लिहिलं, "हातात दार तोडायची हत्यारं आहेत, आणि आपला शूर जवान चार मिनिटं दाराबाहेर उभा राहून घरी जातो! असा प्रसंग ज्या दिग्दर्शकाला सुचला, त्याच्याच डोक्यावर आधी पाण्याचा फवारा मारावा!"

शुक्रवारी परीक्षण छापून आलं. सोमवारी संपादकांचा फोन आला. "ये," एवढंच म्हणाले. त्या 'ये'मध्ये 'जा' स्पष्ट ऐकू येत होतं.

संपादकांच्या टेबलावर पत्रांचा ढीग होता. त्यांनी चष्मा लावून पहिलं वाचलं. अग्निशमन केंद्राच्या प्रमुखांचं होतं. "आमचे जवान दाराबाहेर उभे राहत नाहीत. शंका असल्यास परीक्षकांनी स्वतःचं घर पेटवून खात्री करून घ्यावी."

दुसरं मालिकेच्या निर्मातीचं. "आमच्या मालिकेत एकूण सतरा दारं आहेत. सतराही तोडलेली आहेत!"

दिग्दर्शकाच्या पायांखालची फरशी सरकली. तीन चित्रपट बुडाल्यावर काडीसारखं हाती लागलेलं हे एकच काम, तेही आता चाललं!

"आणि ही उरलेली तेवीस," संपादक म्हणाले. "सगळी एकच सांगताहेत. तू ज्याला हसलास तो प्रसंग मालिकेतला नाहीच. कुठल्या तरी जुन्या चित्रपटातला आहे म्हणे, कुलुपवाल्याच्या. सगळ्या जगाची कुलपं उघडणारा माणूस भांडलेल्या भावाच्या दाराशी येतो, आणि त्याला बेल वाजवायचं धाडस होत नाही."

तो दिग्दर्शकाचाच पहिला चित्रपट होता! पण गेली अठरा वर्षं त्या प्रसंगाला तो 'अस्तित्वाच्या बंदिस्तपणाचं रूपक' म्हणत आला होता. सासूबाईंच्या साध्या शब्दांत त्याला तो ओळखू कसा येणार?

"हे ऐक, एका बसचालकाचं," संपादकांनी पुढचं उचललं. "'माझं आणि धाकट्या भावाचं नऊ वर्षं बोलणं नव्हतं. तो चित्रपट पाहिला तेव्हा चित्रपटगृहात आम्ही सात जण होतो. बाहेर पडलो तो सरळ भावाच्या दाराशी गेलो आणि बेल वाजवली. पुढे आमची पोरं एकत्रच वाढली. तुम्हाला मालिका आवडो न आवडो, पण त्या माणसाला हसू नका.'"

संपादकांनी पत्राची घडी घालून ते ढिगावर ठेवलं.

"नोकरी हवी असेल तर जाहीर माफी माग," संपादक म्हणाले. "दलाची, मालिकेची, आणि त्या बिचाऱ्या दिग्दर्शकाचीही! कोण होता रे तो? हयात आहे का?"

"आहे," दिग्दर्शक म्हणाला. "समोरच बसलाय."

संपादकांनी आधी मागे वळून पाहिलं! मग हळूच चष्मा काढला आणि पाण्याचा पेला त्याच्याकडे सरकवला.

दिग्दर्शक घरी आला तो पत्रांचा गठ्ठा छातीशी धरूनच.

"आई, त्या दिवशी मी तुम्हाला बोलू दिलं नाही. चुकलंच माझं. आता सगळं सांगा."

सासूबाईंनी सांगितलं. हात वर कसा जातो, आत भावाचा खोकला कसा ऐकू येतो, ऐकून हा बाहेर कसा नुसता हसतो. सांगताना त्यांनी दोनदा पदरानं डोळे पुसले. दिग्दर्शकानं रुमाल काढला, तो तीनदा डोळे पुसूनच खिशात गेला.

"आई, तो चित्रपट माझा आहे."

"तुमचा?" सासूबाई उडाल्याच! तो लागला तेव्हा त्यांचा पाय प्लास्टरमध्ये होता, आणि प्लास्टर निघायच्या आत चित्रपट निघाला होता.

माफी छापून आली. दलाची चार ओळी, मालिकेची सहा. त्या मालिकेचे सहाच्या सहा भाग त्यानं जागेपणी पाहिले होते, आणि मालिका चांगली होती हो! उरलेल्या साऱ्या रकान्यात त्यानं तेवीस जणांचे आभार मानले. एकही विशेषण न वापरता. काम टिकलं. बायकोनं तो रकाना कापून दवाखान्यात लावला. रुग्ण आपण होऊन आ करून वाचतात म्हणे.

पुढच्या रविवारी सासूबाईच म्हणाल्या, "जावईबापू, तुमचा आणखी एखादा दाखवा ना!"

दिग्दर्शकाला आभाळ ठेंगणं झालं. त्यानं आपला तिसरा, सगळ्यात अलीकडचा, सगळ्यात परिपक्व चित्रपट लावला. पाऊण तास सासूबाई हू की चू न करता बसल्या. मग त्यांनी मायेनं त्याच्या गुडघ्यावर थोपटलं.

"असू दे हो," त्या म्हणाल्या. "पहिलावहिला प्रयत्न असेल!"