झेंडूखालची हत्यारं

दिवाकर दात घासून बाहेरच्या खोलीत आला, तेव्हा त्याचा कॅमेरा पाटावर बसला होता. भिंगावर हळदीचं बोट, त्यावर कुंकू आणि वरून झेंडूची फुलं. शेजारी विळी, भाजीची सुरी, कात्री, बाबांचा दाढीचा वस्तरा, रेल्वेतून निवृत्त होताना त्यांनी सोबत आणलेला लाडका पाना आणि चष्म्याच्या घरासकट आईचा चष्मा, असा सगळा शस्त्रसाठा ओळीने मांडलेला होता. खंडेनवमी होती आणि रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या त्या घरात खंडेनवमीला दिवाकरच्या आईचं, शारदाबाईंचं राज्य असे.

"आई, कॅमेरा काहून ठेवला? ऑफिसचा आहे तो!"

"ऑफिसचा असो का कोणाचा. त्याच्यावरच पोट भरून राहिला ना तू? मंग हत्यारच झालं ते. उद्या सीमोल्लंघनाच्या वेळी उचल. आज हात लावायचा नाही."

"अन् तुझा चष्मा? तो कोणतं हत्यार आहे?"

"चष्म्याबिगर मले सुई दिसते का? ब्लाउज काय डोळे मिटून शिवू?"

मागच्या खंडेनवमीला बाबांनी, म्हणजे गुलाबरावांनी, पूजा झालेली स्कूटर गुपचूप बाहेर काढली आणि तेलीबांध्याच्या वळणावर पायाचं हाड मोडून घेतलं. त्यानंतर शारदाबाईंना पुरावा मागायची कुणाची छाती झाली नाही. पूजेतलं हत्यार उचललं की घरावर संकट येतं, हे त्या मनापासून मानत आणि त्या भीतीने रात्ररात्र जागतही.

दिवाकरची भीती वेगळी होती. राज्य नवं, राजधानी नवी, सरकारी ऑफिस नवं आणि त्यात त्याची फोटोग्राफरची नोकरी कंत्राटी. कंत्राट संपत आलं होतं. राज्याच्या वर्धापनदिनी, राज्योत्सवात, रोजच्या कामाच्या अवजारांचं प्रदर्शन लागणार होतं. लोहाराचा घण, न्हाव्याची कात्री, बाबू लोकांचा शिक्का, जे दिसेल त्याचे फोटो काढत तो महिनाभर रायपूर पालथं घालत होता. साहेब खूश झाले तर कंत्राट पुढे, नाहीतर दिवाकर घरी.

तेवढ्यात फोन वाजला. साहेबच होते.

"दिवाकर, आज आप मराठी लोगों के यहाँ औज़ारों की पूजा होती है ना? बस, वही फोटो चाहिए. सबसे बड़ा वही लगेगा. शाम तक मेरे घर ले आना. कल मैं बाहर जा रहा हूँ, आपकी फाइल भी आज ही निपटानी है."

"हव, सर," दिवाकर म्हणाला आणि पाटाकडे बघत खाली बसला. पूजेतल्या हत्यारांचा फोटो काढायचा होता आणि तो काढायचं हत्यारच पूजेत होतं.

त्याने स्टुडिओवाल्या विनायकला फोन लावला.

"भाऊ, माहे सगळे कॅमेरे पाटावर हाय," विनायक कुजबुजला. "आई समोरच बसली हाय. तू फोन ठेव बरं."

दुपारी जेवताना दिवाकर सारखा घड्याळाकडे बघत होता. त्याची बायको राधिका हिने कोबीची भाजी वाढली. कोबी केसासारखा बारीक होता. "हातानं तोडला," कुणी विचारलं नसताना ती म्हणाली. गुलाबराव गुळगुळीत गालांनी समोर बसून जेवत होते. शारदाबाईंनी पदराआडून भातातला एवढासा खडा बरोबर हेरून ताटाबाहेर ठेवला. दिवाकरचं यातल्या कशाकडेही लक्ष नव्हतं.

जेवण झाल्यावर शारदाबाई पाटाशेजारीच चटई टाकून, भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या. दिवाकर दाराआड उभा राहिला. मधूनच कागद सळसळल्यासारखं व्हायचं आणि तो आणखी मागे सरकायचा. शेवटी तो रांगत पाटापाशी गेला. एका हातात बाबांचा काळा ट्रान्झिस्टर होता. फुलं जरा उचलून त्याने कॅमेरा ओढून घेतला, त्या जागी ट्रान्झिस्टर बसवला आणि वरून फुलं पसरली. आकार जमला. रंगही जमला.

शर्टाच्या टोकाने त्याने भिंगावरची हळद पुसली आणि पाटासमोर उकिडवा बसला. खोलीत अंधार होता, फुलांखाली नेमकं काय आहे हे बघायला सवड नव्हती. त्याने मोठ्याने खोकत बटण दाबलं. खोकल्यात आवाज दडला, पण फ्लॅशचं काय करणार? सगळी भिंत लख्ख उजळली.

"वीज चमकली काय रे?" शारदाबाईंनी न वळताच विचारलं.

"हो आई. ढग आले."

बाहेर कडक ऊन पडलं होतं. पण त्या वळल्या नाहीत. उलट पदर डोक्यावरून पुढे ओढून आणखी भिंतीकडे सरकल्या. आपलं नशीब बलवत्तर आहे असं वाटून दिवाकर मागच्या दाराने सटकला.

शंकर नगरच्या बंगल्यात साहेबांनी कॅमेऱ्याच्या आगपेटीएवढ्या पडद्यावर फोटो पाहिला. "वाह! क्या बात है! दीवार भर का बनवाएँगे." त्यांनी तिथेच फाइलवर सही केली. नोकरी वाचली. दिवाकरला आनंद व्हायला हवा होता, पण त्याच्या डोळ्यांसमोर फक्त संध्याकाळची आरती होती.

तो घरी पोचला तेव्हा शारदाबाई तुळशीपाशी दिवा लावत होत्या आणि गुलाबराव घरभर फिरत होते.

"माहा रेडिओ कुठी गेला? बातम्यांची वेळ झाली!"

फिरत फिरत ते पाटापाशी आले आणि थबकले. झेंडूतून एरियलचं टोक बाहेर आलं होतं. त्यांनी टोकाकडे पाहिलं, मग पोटाशी कॅमेरा धरून उभ्या असलेल्या मुलाकडे पाहिलं. दिवाकरने डोळे मिटून घेतले.

"जाऊ दे," गाल चोळत गुलाबराव म्हणाले. "बातम्यांत तरी काय असते?" आणि पाठ करून उभे राहिले.

आरतीच्या आत कॅमेरा परत पाटावर गेला, भिंगाला नवं हळदीचं बोटही लागलं. दसरा सुखरूप पार पडला. हाड मोडलं नाही, संकट आलं नाही. तेवढ्यात साहेबांचं आमंत्रण आलं. प्रदर्शनाला माताजींना घेऊन यायचंच होतं.

"माहा पाट लावला म्हणे तिथं," शारदाबाई नवी साडी नेसून म्हणाल्या. "फोटो कधी काढला रे?"

"सकाळी. म्हणजे, पूजेच्या आधी. विनायकच्या कॅमेऱ्यानं," दिवाकरने एका दमात तीन उत्तरं दिली.

प्रदर्शनात भिंतभर पाट पसरला होता. दिवाकरने वर पाहिलं आणि तो जागीच थांबला. घरात फुलांखाली दडलेलं सगळं इथे ताटाएवढं झालं होतं. कॅमेऱ्याच्या जागी ट्रान्झिस्टर स्वच्छ दिसत होता, त्यावरचे आकडेही वाचता येत होते. पण भानगड तिथेच संपत नव्हती. सुरीच्या जागी उलथनं होतं. वस्तऱ्याच्या जागी कंगवा होता. दिवाकरने राधिकाकडे पाहिलं, ती एकदम शेजारचा घण बघायला निघून गेली. गुलाबराव हनुवटी खाजवत छताकडे बघत राहिले.

शारदाबाई मात्र फोटोच्या अगदी जवळ गेल्या. उलथन्यापाशी थांबल्या, कंगव्यापाशी थांबल्या. ट्रान्झिस्टरपाशी तर बराच वेळ थांबल्या. आई आता इथेच, साहेबांसमोर रडणार, असं दिवाकरला वाटलं. खोटं बोलल्याची लाज वाटून तो पुढे झाला.

"आई, ऐक ना, माझं चुकलं..."

तेवढ्यात त्याची नजर फोटोत खाली गेली. पाटाच्या कोपऱ्यात, दोन फुलांच्या मधोमध, चष्म्याचं घर आ वासून पडलं होतं. आत काही नव्हतं. ती भिंतीकडची पाठ, ती पेपराच्या पानांची सळसळ आणि तो डोक्यावरून ओढलेला पदर, सगळं दिवाकरला एकाच वेळी आठवलं.

शारदाबाईंचीही नजर नेमकी तिथेच पोचली होती. त्यांचा हात नकळत नाकावरच्या चष्म्याकडे गेला आणि तिथेच राहिला.

"क्यों माताजी, कैसा लगा?" मागून साहेबांनी विचारलं.

"अच्छा है," शारदाबाई म्हणाल्या. मग मुलाकडे वळून, आवाज उतरवून म्हणाल्या, "पन एवढा मोठा काहून केला रे? पासपोर्ट साइज पुरला असता."