शिडी परत नेण्याबाबत

कोणत्याही बाईला सक्षम करायचे तर आधी तिला उंच जागी उभे करावे लागते, कारण खालून फोटो चांगला येतो. समुद्रकाठच्या मुरबे गावातल्या बायकांना सौरदिव्यांचे काम शिकवणाऱ्या संस्थेला हे पक्के ठाऊक होते. म्हणून तिने पालघरहून टेम्पोत घालून एक शिडी आणली.

बायका शिकल्या. मासळी निवडायच्या शेडवर त्यांनी पॅनेल बसवली, दिवे लागले, फोटो निघाले आणि शिडी परत गेली. (पुढच्या गावच्या बायकाही सक्षम व्हायच्या होत्या, आणि शिडी एकच होती.)

खारा वारा आणि बोंबलांवर टपलेले कावळे यांच्या कृपेने पॅनेल आठवड्यात पांढरी होत. ती धुवायला चढायचे कसे, असे त्यांच्यातल्या जयवंतीने विचारले. संस्थेने अभ्यास केला. बोंबील वाळत घालायला इथल्या बायका लहानपणापासून बांबूच्या मांडवावर चढतात, असे आढळले. सबब शिडी अनावश्यक. स्थानिक कौशल्याचा मान राखावा.

जयवंतीने मान राखला. मांडवाचेच बांबू शेडला टेकवून ती चढायची. पावसाळ्यानंतर एक बांबू आतून कुजलेला निघाला. ती पडली, ती उठलीच नाही.

अहवालात तिची नोंद आदराने झाली: प्रशिक्षित चाळीस, कार्यरत एकोणचाळीस, यश साडेसत्त्याण्णव टक्के. (छापताना सोयीसाठी अठ्ठ्याण्णव.)

रिकामी जागा तिच्या सुनेला, स्नेहलला, मिळाली. शेडवर जयवंतीच्या नावाची पाटी लावायचे ठरले. पाटी उंच लावायची, म्हणून शिडी आली. पिवळे हेल्मेट घालून स्नेहल चढली, पाटी लागली. जयवंतीचा नवरा रामनाथ पुढे झाला आणि त्याने शिडी धरली.

"काका, झालं आता. सोडा," संस्थेचा शैलेश म्हणाला.

"नाय सोडत."

"अहो, टेम्पो खोळंबलाय. उमरोळीला कार्यक्रम आहे."

"उमरोळीला बोंबील नाय वाळत. म्हंजे तिथं शिडी लागनार."

"तेच तर म्हणतोय मी!" शैलेशला हायसे वाटले.

"बाबा, मी अजून वरच हाय!" स्नेहल ओरडली.

"वरच रा, पोरी. तू वर हायस तवर हे नेत नाय."

"आनि जेवायचं काय?"

"देतो वर."

बायका हसल्या. रामनाथ हसला नाही. तो शिडी अशी धरून होता, की जणू ती धरली तर मागचे पडणेही थांबेल. नेमका तेव्हाच फोटो निघाला.

तो तुम्ही पाहिला आहे. वर हसणारी स्नेहल, खाली दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरलेला म्हातारा. 'सासरा असावा तर असा' असे लिहून तुम्ही तो चार जणांना पाठवलात. तुमच्यासारख्यांनी तो इतका पाठवला, की संस्थेला आणखी बारा गावे मिळाली.

शिडी अजून एकच आहे.