तीन दुर्मीळ शब्दांसह कडीचा अर्ज

माणूस किती शिकला, हे त्याचं बोलणं समोरच्याला किती कळलं नाही यावरून ठरतं. सगळं कळलं तर तो साधा माणूस, निम्मं कळलं तर पदवीधर, आणि काहीच कळलं नाही तर त्याला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावून शाल देतात. हे सत्य नाशिकमध्ये पुष्कळांना माहीत होतं, पण त्याची वेळापत्रकात सोय पहिल्यांदा केली ती तेजलच्या शाळेने. (शाळेचं नाव इथे देत नाही. ते स्कूलबसच्या एका बाजूवर मावत नाही, मागून वळून दुसऱ्या बाजूला संपतं.)

योजनेचं नाव 'रोज एक दुर्मीळ शब्द'. ती राबवायला दुर्मीळ शब्द संवर्धन समिती, आणि समितीचे अध्यक्ष शरच्चंद्र सर. सर मूळचे भूगोलाचे. पण नद्या आणि डोंगर हल्ली मोबाइलमुळे कोणालाही सापडायला लागले, त्यामुळे ते अजून कोणालाच न सापडलेल्या गोष्टींकडे वळले.

कार्यपद्धती अशी. सकाळी साडेसहाला शिपाई सहादूमामा स्टुलावर चढून गेटजवळच्या फळ्यावर त्या दिवसाचा इंग्रजी शब्द लिहायचे. मामांना इंग्रजी येत नाही. ते अक्षरं रांगोळीसारखी बघून बघून काढायचे, म्हणूनच अख्ख्या शाळेत इंग्रजी अक्षर सगळ्यात सुंदर त्यांचं होतं. मग प्रत्येक विद्यार्थ्याने मोठ्या सुट्टीच्या आत तो शब्द तीनदा बोलण्यात वापरायचा आणि दर वेळी शब्दडायरीत साक्षीदाराची सही घ्यायची. साक्षीदाराला शब्द कळलाच पाहिजे अशी अट नव्हती. (असती तर साक्षीदार मिळाले नसते.)

शब्द मात्र एकेक भारी! बोरबोरिग्मस, म्हणजे पोटात कावळे ओरडतात तो आवाज. अ‍ॅग्लेट, म्हणजे बुटाच्या नाडीच्या टोकाचं ते प्लास्टिक, जे पहिलीतच चावून संपतं. नुडिअस्टर्शन, म्हणजे परवाचा. आपण 'परवा' म्हणतो आणि मोकळे होतो. इंग्रजांना तेवढ्यासाठी पाच पायऱ्या चढाव्या लागतात, आणि तरी त्यांनी इतकी वर्षं राज्य केलं, यावरून त्यांची चिकाटी दिसते. डिफेनेस्ट्रेशन, म्हणजे माणसाला खिडकीतून बाहेर फेकणं. या शब्दाच्या दिवशी प्रात्यक्षिकाला परवानगी फक्त तळमजल्यावरच्या वर्गांना होती.

पहिल्या पाच महिन्यांचा अहवाल समितीने आर्ट पेपरवर छापला. शिकवलेले शब्द १०४. लक्षात राहिलेले ६. घरी वापरून बघितलेला १. (तो तेजलने वापरला. "आई, बोरबोरिग्मस होतंय," असं ती म्हणाली आणि आईने तिचा हात उलटसुलट करून "कुठं? दाखव" म्हटलं.)

तेजल नववी ब मध्ये. राहायला मखमलाबादला, घरचा झेंडू आणि गुलछडी, आई प्रतिभा पहाटे फुलं घेऊन बाजारात. तेजलला हे शब्द मनापासून आवडायचे, हे इथे नोंदवलं पाहिजे. तिच्या डायरीत सह्या सगळ्यात जास्त होत्या आणि तिच्या छातीवर 'शब्ददूत' असा बिल्ला होता. अशा मुलीकडून शाळेला कसलाच धोका नसतो. धोका निघाला कडीमुळे.

पहिल्या मजल्यावर मुलींची तीन स्वच्छतागृहं होती. एक तपासणीला येणाऱ्या साहेबांसाठी कुलपात. दुसऱ्यात शब्दयोजनेचे जुने फलक. राहिलेल्या तिसऱ्याची कडी जूनमध्ये तुटली. मुलींनी त्यावर स्वतःची व्यवस्था बसवली, आणि समितीच्या कुठल्याही योजनेपेक्षा ती नीट चालायची. एक आत. दुसरी बाहेरून पायाने दार दाबून उभी. तिसरी जिन्याकडे तोंड करून "आहे गं आत!" ओरडायला. शिक्षक विचारायचे, "एकीला जायचंय, तर तिघी कशाला?" यावर कुठल्याही भाषेत सांगण्यासारखं उत्तर नव्हतं.

तेजलच्या बाकावरच्या संपदाने दुसरा मार्ग काढला. तिने शाळेत पाणी पिणंच सोडलं. तिची बाटली सकाळी भरून यायची आणि दुपारी तशीच भरून घरी जायची. बाटलीचा प्रवास उत्तम चालला होता. पण नोव्हेंबरमध्ये संपदा आठ दिवस तापाने आडवी झाली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि तिच्या आईसमोर विचारलं, "दिवसभर पाणी पीत नाहीस का?"

ती परत आली तेव्हा तेजल म्हणाली, "आता तरी पी ना, बाई."

"पिते. मग जाऊ कुठे? तुझ्या डोक्यावर?"

"मी धरते की दार."

"तू धरतेस गं. पण गेल्या वेळी पाचवीतली पोरं पळत आली आणि तू दारासकट आत आलीस."

हे खरं होतं. तेजलने त्याच दिवशी ठरवलं, कडी लावायचीच.

ती वर्गशिक्षिका साधना मॅडमकडे गेली. "मॅडम, बाथरूमची कडी तुटलीये."

"माहितीये गं बाळा," मॅडम हळूच म्हणाल्या. त्या भल्या होत्या, म्हणून त्यांच्या हातात काही नव्हतं. "पण तोंडी घेत नाहीत आता. परिपत्रक आलंय."

परिपत्रकात लिहिलं होतं: प्रशासनाशी करावयाचा सर्व पत्रव्यवहार इंग्रजीत असावा व त्यात किमान तीन दुर्मीळ शब्द योग्य अर्थाने वापरलेले असावेत. साध्या शब्दांतील अर्ज विचारात घेतले जाणार नाहीत. या परिपत्रकाचा गुण तात्काळ आला होता. आदल्या वर्षी तक्रारी एकेचाळीस, यंदा शून्य. म्हणजे शाळेत आता काहीच बिघडत नाही, हे आकडेवारीने सिद्ध झालं.

मग तिने सहादूमामांना गाठलं. "मामा, कडी लावून द्या ना."

"लावतो की. धा मिनिटाचं काम हाय." मामांनी शर्टाच्या खिशातून चार स्क्रू काढून तळहातावर धरले. "हे बघ, जूनपासून घिऊन फिरतोय. पण चिठ्ठी आण, ताई. मागं बिगरचिठ्ठीचा नळ बसवला तर मेमो आला. इंग्रजीत. त्यात काय हाय ते मला अजून कळलं नाय."

तेजलने अर्ज लिहायला दोन संध्याकाळी घालवल्या. शेजारी आई झेंडूच्या माळा ओवत होती.

"काय लिहितीस गं एवढं?"

"कडीचा अर्ज."

"कडीला एवढं? आपल्या पंपाच्या खोलीत एक जास्तीची पडली हाय. घिऊन जा."

"अशी नाही नेता येत, आई. नियम असतो."

"दाराला बी असतो का नियम?" आईने दोरा दातांनी तोडला आणि पुढची माळ घेतली.

अर्ज झाला मात्र फक्कड. त्यात मिक्च्युरिशन होतं (म्हणजे लघवीला जाणं, पण कोणी लाजणार नाही अशा पद्धतीने). ऑब्डॉर्मिशन होतं (म्हणजे पाय बधिर होणं, जो दार दाबून उभ्या राहिलेल्या मुलीचा होतो). आणि टर्जिव्हर्सेशन होतं (म्हणजे टोलवाटोलवी, जी जूनपासून चालू होती). तिन्ही शब्द जिथल्या तिथे बसले. तेजलला शिकवलेलं काही पहिल्यांदाच उपयोगी पडलं होतं, त्यामुळे तिला शाळेबद्दल भरूनही आलं.

शरच्चंद्र सरांना तर जास्तच भरून आलं. त्यांनी अर्ज उभ्याउभ्या तीनदा वाचला आणि तातडीने समितीची बैठक बोलावली. बैठक पन्नास मिनिटं चालली. त्यातली पस्तीस मिनिटं टर्जिव्हर्सेशनच्या उच्चारावर गेली, दहा चहावर, आणि उरलेली गुण देण्यात. दहापैकी साडेनऊ मिळाले. अर्धा कापला, कारण चौथ्या ओळीत 'लॅच' असा अगदी सामान्य शब्द आला होता. समासात सरांनी लाल शाईने लिहिलं: इथे विद्यार्थिनीची पातळी घसरली आहे.

शनिवारी पालकांसमोर अर्जाचा सत्कार झाला. अर्ज काचेच्या फ्रेममध्ये होता. मुख्याध्यापिकांनी तो मोठ्याने वाचला आणि प्रत्येक दुर्मीळ शब्दाला टाळ्या पडल्या. मिक्च्युरिशनला सगळ्यात जास्त. मग सर माइकवर आले. "तेजलच्या आईंनी दोन शब्द बोलावेत."

प्रतिभाबाईंनी पदर खोचला आणि माइक धरला. "पोरीचं कौतुक केलं, बरं वाटलं. पण सर, त्या कागदात कडी मागितली हाय ना? मग लावताय कधी?"

सर समजूतदारपणे हसले. "ताई, अर्जाकडे इतक्या संकुचित नजरेने बघू नका. त्यातली भाषा बघा."

"भाषा बघितली. दार बी बघून आले मी आत्ता. तेजूनं धरलं होतं."

मागच्या रांगेतल्या आया खळखळून हसल्या. सरांनी ताबडतोब टाळ्या वाजवल्या, म्हणून सगळ्यांनी वाजवल्या, आणि कार्यक्रम अल्पोपाहाराकडे सरकला.

सोमवारी सहादूमामांना अखेर चिठ्ठी मिळाली. इंग्रजीत, वर लाल शिक्का, 'तातडीचे'. साधना मॅडमनी ती वाचून सांगितली: फ्रेम पहिल्या मजल्याच्या भिंतीवर पक्की बसवावी. मामांनी खिशात हात घातला. दुपारी तेजल तिथून गेली तेव्हा तिचा अर्ज स्वच्छतागृहाच्या अगदी समोर झळकत होता, म्हणजे ताटकळणाऱ्या मुलींना वाचायला सोय. चार कोपऱ्यांत चार स्क्रू.

"मामा, हे ते स्क्रू?"

मामा फ्रेम पुसत राहिले. "चिठ्ठी हिची आली ना, ताई."

त्या रात्री तेजलने शब्दडायरी न उघडताच दप्तरात टाकली. सकाळी तिने पंपाच्या खोलीतली कडी डब्याच्या पिशवीत टाकली आणि पहिल्या बसने आली. संपदालाही बोलावलं होतं. मामा फ्रेमखाली उभे होते. त्यांनी कडी बघितली, मग तेजलकडे बघितलं.

"मी फळ्याकडं चाललो," ते भिंतीला उद्देशून म्हणाले. "आजचा शब्द बुटका हाय, स्टूल नाय लागायचं." आणि स्टूल, त्यावर स्क्रू ड्रायव्हर, असं सगळं विसरून ते निघून गेले.

दोघींनी फ्रेम काढली आणि भिंतीला टेकवून ठेवली, अक्षरं बाहेरच्या बाजूला, आदराने. जुन्याच भोकांत चार स्क्रू पिळले. कडी थोडी तिरकी बसली. मग संपदाने बाटली उघडली, तिथेच उभं राहून निम्मी रिकामी केली, थोड्या वेळाने आत गेली आणि दार लावलं. आतून टक् असा आवाज आला. तेजल सवयीने पाय दाराला लावून उभी राहिली.

"जा गं तू," आतून संपदा म्हणाली. "लागलीये."

यानंतर शाळेने जी तत्परता दाखवली तिला तोड नाही. आठ वाजता फ्रेम खाली असल्याचं निदर्शनास आलं. सव्वाआठला चौकशी समिती. दहाला अहवाल. अकराला नवे चार स्क्रू. साडेअकराला फ्रेम पुन्हा भिंतीवर. कडीला पाच महिने लागले आणि फ्रेमला साडेतीन तास, हा फरक केवळ प्राधान्यक्रमाचा आहे, असं सरांनी स्पष्ट केलं. कडी काढून टाकावी असाही ठराव आला होता, पण ती काढायला अर्जच आलेला नव्हता.

तेजलचा बिल्ला मात्र काढून घेतला. तिच्याकडे लेखी खुलासा मागितला, किमान पाच दुर्मीळ शब्दांसह. तिने मराठीत एवढंच लिहिलं, 'कडी लागली.' समितीने हा मजकूर दोनदा वाचून दुर्बोध ठरवला.

आता वाचकहो, तुमचीही एक छोटी परीक्षा. नुडिअस्टर्शन म्हणजे काय? आलं ना पटकन! शाबास. मग सांगा, परवा तुमच्या घरातली मुलगी शाळेतून आली, तेव्हा तिची पाण्याची बाटली रिकामी होती की भरलेली?

नाही ना आठवत? काही हरकत नाही. तुमचा बिल्ला तुमच्याकडेच राहू द्या.