संगमनेरकडचं स्थळ, डबल चॉकलेट

अगं केतू, हातातलं सगळं बाजूला ठेव आणि आधी हे ऐक. मागच्या महिन्यात मला बघायला प्रोटीन पावडरचा डबा आला होता, आणि त्या सगळ्या प्रकरणाचा निकाल आत्ता तासाभरापूर्वी लागलाय.

तुमच्याकडे पुण्यात लोक दुकानात जातात, डबा उचलतात, बिल करतात आणि घरी येतात, हे मला माहितीये. आमच्याकडे नाशकात तसं चालत नाही. इथे डबा स्वतः घरी येतो, माणूस बघतो, आणि पसंत पडला तर होकार कळवतो. मला त्यात वावगं काही वाटत नाही. रोज सकाळी ज्याच्या पोटात जायचं तो माणूस कसा आहे, हे बघायचा हक्क नको का?

आता मला पावडर का हवी होती ते सांगते. मी आमच्या कबड्डीच्या संघात डाव्या कोपऱ्यावर खेळते. समोरची चढाईला आत आली की तिचा घोटा धरून तिला पाडायचं, एवढंच काम. तर एका सराव सामन्यात मी सिन्नरच्या एका मुलीचा घोटा अगदी व्यवस्थित धरला, आणि ती मला घोट्यासकट मधल्या रेषेपार घेऊन गेली. पैंजण घालून चालल्यासारखी. तिच्या लक्षातही आलं नसावं. आमचे बोरस्ते सर मला काही बोलले नाहीत. फक्त म्हणाले, जिल्हा निवडीपर्यंत अंगात ताकद आली नाही तर डावा कोपरा तेजलचा.

अंडी, पनीर सगळं खाऊन झालं होतं. मग सरांनीच कुलथे काकूंचा नंबर दिला. कुलथे काकू इंदिरानगरात पावडर सूचक मंडळ चालवतात. अर्ध्या नाशकाच्या दंडांचं त्यांनी जमवून दिलंय.

बाबांनी त्यांना पहिल्याच फोनवर सांगितलं की स्थळ परवडणारं पाहिजे, आम्ही काही अमेरिकेतली बघत नाही. हे दादाला टोमणा म्हणून होतं. आमचा दादा कित्येक वर्षं आयसोलेट पावडरसाठी थांबलाय, आणि तेही परदेशातलंच हवं, गाळून गाळून शुद्ध केलेलं. देशी स्थळाचं नाव काढलं की खोलीत निघून जातो. दंड अजून माझ्यापेक्षा बारीक आहेत.

काकूंनी बरीच स्थळं सांगितली. एक अंगापिंडाने एवढं मोठं की आई खूश झाली, पण बाबांनी चौकशी केली तर आत सगळी साखर. एक फार स्वस्तात तयार होतं, पण घराणं विचारलं की गोदामाचा पत्ता सांगायचे आणि तपासणीचा अहवाल मागितला की फोन कट. एक वाटाण्याचं होतं. स्वभावाने चांगलं गं, पण तोंडाला वास. काकू म्हणाल्या, सवय होते. मी म्हटलं, मला नको व्हायला.

शेवटी हे संगमनेरकडचं आलं. दुधाच्या घराण्यातलं, साधं व्हे प्रोटीन, डबल चॉकलेट, किलोचं. आवाक्यातलं. रविवारी सकाळी बघायला येतो म्हणून निरोप आला.

आईने पोहे टाकले होते, ते काकूंनी आत न्यायला लावले आणि थंड दूध मागवलं. मुलगा मधे बसला, झाकण घट्ट लावून, मान खाली. एका बाजूला मामा. मामा म्हणजे मास गेनर, वजन वाढवायची पावडर, पाच किलोचा, सोफ्यावर बसला तर सोफा करकरला. दुसऱ्या बाजूला मावशी. मावशी केसीन, तेही दुधातलंच प्रोटीन. केसीन पोटात फार सावकाश विरघळतं, आणि ती बोलतेही तशीच. आईने दारात विचारलं होतं, प्रवास कसा झाला. त्याचं उत्तर आलं ते आमचं दूध पिऊन झाल्यावर.

सगळे प्रश्न मामाच विचारत होता. सराव रोज असतो की पाऊस आला की सुट्टी. झोप किती. शेकर वापरता की चमच्याने ढवळता. मी खरं सांगितलं, चमच्याने. त्याचा चेहरा पडला. आमच्यात कुणाच्या गुठळ्या झालेल्या चालत नाहीत, म्हणाला. मग काकूंनी मला उठाबशा काढून दाखवायला सांगितलं. मी ओढणी खोचून काढल्या. मामा मोजत होता, मावशी मधेच कुठेतरी हरवली.

मग बाबांनी फार नम्रपणे विचारलं, मुलाच्या पाठीवर काय लिहिलंय ते वाचलं तर चालेल का. मामा म्हणाला, वाचा की, लपवण्यासारखं काय आहे. मुलगा लाजत लाजत वळला. बाबांनी चष्मा लावला. डब्याचा आकार बघायचा नसतो, एका चमच्यात प्रोटीन किती ते बघायचं आणि मग किमतीकडे वळायचं, हे बाबा आठवडाभर आम्हाला सांगत होते. आता प्रत्यक्ष बघायला मिळालं. त्यांनी मनातल्या मनात हिशोब केला आणि माझ्याकडे बघून डोळे मिटले. म्हणजे पसंत.

मामाने एकच काळजी बोलून दाखवली. त्यांच्यातला एक डबा एका घरी दिला होता, सुरुवातीला फार कौतुक झालं, रोज फोटो, आणि मग तो फ्रिजवर गेला तो गेलाच. आता त्याच्यावर हेल्मेट ठेवतात. बाबा म्हणाले, आमच्याकडे असं होणार नाही. आई म्हणाली, आमचा फ्रिज तर भिंतीला लागूनसुद्धा नाहीये. याचा काय संबंध ते कुणी विचारलं नाही.

सगळं जमल्यातच होतं गं. तेवढ्यात मावशी म्हणाली, स्वयंपाकघर बघू या का?

आई पुढे, मावशी मागे, आम्ही सगळे त्यांच्यामागे. मावशी ओट्याशी थांबली आणि वरच्या फळीकडे बघत राहिली. फळीवर एक जुना पांढरा डबा होता. बाबांनी मधे कधीतरी व्यायामशाळा लावली होती, तेव्हाचा. लेबल अर्धं खरवडलेलं आणि त्यावर चिकटपट्टी लावून आईच्या अक्षरात लिहिलेलं, तूरडाळ.

मावशी या वेळी मात्र लगेच बोलली.

"वसंता?"

तो तिचा धाकटा भाऊ निघाला. व्हॅनिला. घरच्यांना वाटत होतं तो औरंगाबादला सुखात आहे. मामाने बाबांकडे असं बघितलं की बाबा पंख्याकडे बघायला लागले. काकू स्टुलावर बसल्या. आईने, तिला काय सुचलं देव जाणे, पटकन पुढे होऊन वसंताचं झाकण पुसलं.

मला दिसलं, गेला आपला कोपरा. तेजल डाव्या बाजूला उभी आहे आणि मी पाण्याच्या बाटल्या भरतेय.

पण वसंता शांतपणे म्हणाला, "ताई, रडू नकोस. पावडर होती तेव्हा मला कुणी विचारत नव्हतं. आता दिवसातून दोनदा उघडतात."

त्याने बरंच सांगितलं. आमटी चांगली झाली की बाबा म्हणतात, डाळ कुठली आहे, म्हणजे विषय त्याचाच निघतो. पाहुणे आले तर त्याला खाली काढतात. कीड लागू नये म्हणून आई आत लवंगा ठेवते, तो वास त्याला आवडतो. पावडरीच्या दिवसांत काय होतं, तर एक घामेजलेला माणूस आणि अपराधी चेहरा. बाबा अजून पंख्याकडेच बघत होते.

मावशीने डोळे पुसले. आणि मग आपला नवरामुलगा, जो आल्यापासून एक शब्द बोलला नव्हता, तो बोलला.

"मला स्थळ पसंत आहे. पण मला डाळ पाहिजे."

मामाने त्याला समजावलं. म्हणाला, आधी पावडर, मग पुढे ज्याच्या त्याच्या नशिबाने डाळ. मुलगा म्हणाला, मधली वर्षं कशाला वाया घालवायची. मी थेट डाळीलाच येतो. आत जे आहे ते घरी रिकामं करून, धुऊन, उन्हात वाळवून येतो.

केतू, आईने एका क्षणात हो म्हटलं. आमची चणाडाळ दिवाळीपासून रबर लावलेल्या पिशवीत होती, आणि या मुलाचं तोंड रुंद, झाकण घट्ट. बाबांनी एवढंच विचारलं की मग किंमत तीच का, मामा म्हणाला नुसत्या डब्याचं काय घ्यायचं, घरचंच समजा. यापेक्षा परवडणारं स्थळ कुठलं असणार! काकूंनी पर्समधून नारळ काढला. मामा आणि बाबा एकमेकांच्या पाया पडायला बघत होते आणि मामाला वाकता येत नव्हतं.

मी ओढणी खोचून उभी. मला बघायला आले होते गं.

मी म्हटलं, "आतल्या पावडरीला कुणी विचारलंय का?"

काकू म्हणाल्या की तशी पद्धत नाही, डब्याचा होकार तोच पावडरीचा होकार, मंडळाच्या स्थापनेपासून असंच आहे. मामाही म्हणाला की त्यांच्यात कुणी कधी विचारलेलं नाही, आणि ती बोलते की नाही हेही त्याला माहीत नाही.

तेव्हा आतून आवाज आला. जरा कोरडा, पण स्पष्ट.

"घोटा एका हाताने धरतेस की दोन्ही?"

इतक्या वेळात कबड्डीबद्दल विचारलेला तो पहिला प्रश्न होता. मी सांगितलं, दोन्ही हातांनी, आणि खांदा तिच्या मांडीला टेकवून, तरी सिन्नरची मला रेषेपार ओढून घेऊन गेली. ती म्हणाली, खांदा टेकवतेस तर ओढली कशी गेलीस? मी म्हटलं, जोर कमी पडतो.

"मग मी येते तुझ्याकडे."

काकू ताडकन उठल्या. त्यांनी तिला अगदी सरकारी भाषेत समजावलं. लेबल डब्यावर आहे. नाव, घराणं, तारीख, तपासणी, जे काही आहे ते डब्यावर आहे. डब्याबाहेर पाऊल टाकलंस की मंडळ तुला ओळखणार नाही. लोक तुला सुटी पावडर म्हणतील.

"म्हणू दे," ती म्हणाली.

मी पातेलं आणलं. दुधाचं मोठं, स्वच्छ पुसलेलं. डब्याने स्वतःच झाकण सैल केलं, त्यालाही तेच हवं होतं. मी त्याला उचलून कलता केला आणि ती एका दमात पातेल्यात आली. थोडी ओट्यावर सांडली, ती मी बोटाने गोळा केली. काकूंनी डोळे झाकून घेतले. मामा खिडकीबाहेर बघत राहिला. मावशी माझ्या दंडाला हात लावून काहीतरी म्हणायला लागली, पण त्यांची रिक्षा आली तोपर्यंत तिचं वाक्य पूर्ण झालं नव्हतं. पावडरीतला मापाचा चमचा मात्र त्यांनी दिला नाही. तो डब्याकडचा, म्हणून चणाडाळीत गेला.

संध्याकाळी मंडळाने आमच्या घराचं नाव काढून टाकलं. म्हणजे फक्त माझं नाही, घराचं. आणि नेमकं त्याच आठवड्यात दादाला बघायला ते परदेशी आयसोलेट येणार होतं. मुंबईत विमानतळावर उतरलं, आमच्याबद्दल कळलं आणि पुढच्या विमानाने परत गेलं. दादाने माझ्याशी बोलणं बंद केलं. आमच्या बिल्डिंगमध्ये चर्चा अशी की अमक्यांच्या ऋजुताने सुटी पावडर घरात ठेवलीये, तीही पातेल्यात, वर नुसती ताटली. जिन्यात भेटतात त्या बायका माझ्या चेहऱ्याकडे न बघता दंडाकडे बघतात.

आम्ही दोघी मजेत होतो. सकाळी दुधात पडण्याआधी ती विचारायची, काल किती जणी सुटल्या. मी सांगायचे. ती म्हणायची, उद्या कमी सुटतील. रोज दोन चमचे कमी होत होती आणि त्याबद्दल आम्ही कधी बोललो नाही.

आज निवड होती. मी धरलेली एकही सुटली नाही. बोरस्ते सरांनी सगळ्यांसमोर नावं वाचली आणि डावा कोपरा माझा झाला. तेजलने मला मिठी मारली आणि कानात विचारलं, पातेलं कुठल्या मापाचं होतं?

मैदानाच्या फाटकाशी कुलथे काकू उभ्या होत्या, मागे दादा. काकू म्हणाल्या की मंडळ आमचं नाव परत घ्यायला तयार आहे, परदेशातून पुन्हा विचारणाही झालीये. माझ्याकडून एवढंच हवंय की मंडळाच्या बैठकीत सगळ्यांसमोर म्हणायचं, माझी काही चूक नव्हती, पावडरच उथळ होती, तिनेच मला फूस लावली. दादा महिन्याभराने पहिल्यांदा माझ्याशी बोलला. म्हणाला, ऋजू, एक वाक्य आहे गं. आणि तसंही ती तर संपलीच आहे ना.

ती संपली नव्हती. पातेल्याच्या तळाचे शेवटचे दोन चमचे माझ्या पिशवीतल्या बाटलीत होते, सामन्यानंतरसाठी ठेवलेले. ती सगळं ऐकत होती. मी झाकण उघडलं, पाणी ओतून हलवलं आणि काकूंच्या समोर, दादाच्या समोर, उभ्या उभ्या सगळी प्यायले. मग ओठ पुसले आणि काकूंना म्हटलं, बैठक कधी आहे ते कळवा, मी येते, पण जे झालं तेच सांगेन. दादा तिथून चालत घरी गेला. मी इथे बसस्टॉपवर बसून तुला फोन केलाय.

आता तू सांग केतू, अगदी खरं सांग. तुझा दादा असता समोर, तर तू काय केलं असतंस?