मन्मथअप्पांचा दोनतारी कफ

मन्मथअप्पा स्वतःच्या कफाची प्रत ठरवत. रोज सकाळी दुकानाच्या ओट्यावर उभे राहून ते साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं खाकरत, नालीत थुंकत, वाकून नीट बघत आणि निकाल जाहीर करत. "आज एकतारी हाय." किंवा, "लई चिकट. दोनतारी." दमा जोरात असला की, "गोळीबंद!"

ऐन उमेदीत अप्पा उदगीरकडच्या गुऱ्हाळांवर गुळव्या होते. पाक बोटांत धरून तार किती निघते ते बघायचं आणि कढई कधी उतरवायची ते सांगायचं, हे त्यांचं काम. पुढं लोहा गावात येऊन त्यांनी गुळाचं दुकान टाकलं, मागंच घर केलं, पण तार बघायची सवय काही सुटली नाही. चुलवाणाच्या धुरानं म्हणा की घराण्यातून म्हणा, दमा जडलेला होताच. मग हाताशी आला तो माल तपासायला लागले.

समोरच माझं भांड्यांचं दुकान. मुखेडच्या बाजारात गोणपाटावर पराती मांडून मी धंद्याला लागलो. हे दुकान मला कुणी आंदण दिलेलं नाही, त्यामुळं बोहनीला मी फार मानतो. आता सांगा, लग्नाची मुलगी आईबरोबर डबा बघायला आलेली आहे, झाकण काढून आत डोकावते आहे, आणि समोरून आवाज येतो, "पिवळा हाय, पण तार सुटंना!" मुलगी झाकण लावते, आई पदर तोंडाला लावते आणि दोघी निघून जातात. अप्पांनी माझ्या अशा किती बोहन्या बुडवल्या, ते मी विसरलेलो नाही.

एकदा सरळ सौद्यालाच बसलो.

"अप्पा, तुम्ही मागं परसात खाकरत जा."

"परसात उजेड न्हाई. माल कसा दिसंल?"

"मग माझं दुकान उघडायच्या आधी उरका."

"कफ काय तुझा नोकर हाय का नागोराव, तू म्हणशील तवा हजर व्हायला?"

"बरं, खाकरा. पण प्रत तरी ओरडून सांगू नका."

"प्रत सांगितल्याबिगर माल उठतो का?"

मी आवाज चढवला, आठवडाभर बोलणं टाकलं, मधे एकदा स्टीलचा तांब्याही देऊ केला. भल्याभल्या व्यापाऱ्यांना वाकवलेला मी, पण हा म्हातारा तसूभर हलला नाही. तांब्या मात्र ठेवून घेतला.

बंडीच्या खिशात त्यांचा निळा पंप असे. दम लागला की त्याचे फवारे ओढत. डॉक्टरांनी रोज घ्यायला दुसराही एक पंप दिला होता. तो देवघरात, खोक्यासकट. "रोजच्याची सवय लागती," म्हणत. गुळाचा खडा मात्र रोज तोंडात असे, त्याची सवय लागत नसावी.

मागच्या हिवाळ्यात एका सकाळी ओटा गप होता. माझी बोहनी झाली, चांगली मोठी कढई गेली. मी खुशीत होतो. तेवढ्यात अप्पाच रस्ता ओलांडून आले. हातात कागदावर गुळाचा खडा.

"नागोराव... तोंड गोड... कर. माल... संपला."

"काय संपलं?"

"खाकरून बघितलं. कायच... येऊन न्हाई राहिलं. छातीतली शिट्टी बी... बंद. कढई गप झाली... म्हंजे... गूळ झाला."

गुऱ्हाळात तसंच असतं म्हणे. रस कच्चा आहे तोवर कढई बोलते. तिचा आवाज बसला की गुळव्या उतरवायला सांगतो. अप्पांनी छातीलाही तोच नियम लावला होता.

समोरच्याचा श्वास बघून मी सौदा करतो. कोण खोटं ताणतो आहे, ते गळ्यावर दिसतं. अप्पा शब्दाशब्दाला थांबत होते. गळ्याखालचा खड्डा आत ओढला जात होता आणि ओठांवर जांभळट झाक आली होती.

"अप्पा, एक वाक्य सलग बोला बघू."

"कामून... बोलू?"

मी शटर खाली ओढलं.

गावातल्या डॉक्टरांनी ऑक्सिजन लावून नांदेडला पाठवलं. तिथल्या डॉक्टरीणबाई वयानं लहान, पण रागावल्या माझ्यापेक्षा जास्त. अप्पांना जरा बोलता यायला लागल्यावर म्हणाल्या, "आजोबा, छाती गप झाली कारण हवाच आत-बाहेर होत नव्हती. दम्यात श्वासनळ्या आतून सुजतात. मग त्यांत कफ जास्त होतो, चिकट होतो आणि बारीक नळ्यांत बुचासारखा घट्ट बसतो. निळ्या पंपानं नळी आवळणारा स्नायू सैल पडतो, बूच निघत नाही. सूज उतरली तरच असा कफ कमी होतो. त्यासाठी रोजचा पंप आहे."

अप्पांनी मास्क बाजूला केला. "म्हंजे नळीतच ढेप पडली."

"पडली. आणि ती ढेप तुमचा जीव घेणार होती."

घरी आल्यावर अप्पांनी रोजचा पंप सुरू केला. खोकला उतरला, ओटा शांत झाला. माझ्या बोहन्या वेळेवर व्हायला लागल्या. महिना गेला असेल-नसेल, आणि एका सकाळी समोरून आरोळी आली, "दोनतारी!" आवाजात चक्क आनंद होता.

मी गिऱ्हाईक सोडून रस्ता ओलांडला.

"पंप घेता का?"

"घेतो की."

"अप्पा, मला फसवू नका."

"सोडला."

"कामून? मरायचंय का?"

अप्पा ढेपांजवळच्या पाटावर बसले. "हाव, छाती मोकळी होती रे त्यानं. पण मोकळी झाली की सकाळी सांगायला कायच ऱ्हात न्हाई."

"कुणाला सांगायला?"

"गंगाला."

गंगाकाकू म्हणजे त्यांची बायको. तिला जाऊन दोन पावसाळे झाले होते.

"ती आत चुलीम्होरं असायची. मी भाईरून म्हणायचो, आज एकतारी. ती म्हणायची, बरं. दोनतारी म्हणलं की कोमट पाणी ठिवायची. गोळीबंद म्हणलं की पाठ चोळायला यायची. ती गेली, मी सांगतच ऱ्हायलो. आता गपकन बंद केलं तर तिला वाटंल..."

वाक्य तिथंच राहिलं. या वेळी दम लागलेला नव्हता.

ओरडताना अप्पांचं तोंड माझ्या दुकानाकडं असायचं, पण बोलणं मागं घरात चाललेलं होतं.

मी देवघरातून पंप आणून त्यांच्या हातात दिला. "ओढा."

अप्पांनी ओढला, श्वास धरून ठेवला, सोडला. गुळण्या करून आले आणि रिकामा तांब्या हातात घेऊन तसेच उभे राहिले.

"आता काय सांगू?"

"असंल ते सांगा."

त्यांनी आतल्या खोलीकडं तोंड केलं.

"आज भाकर जराशी करपली," ते म्हणाले.

आतून काही आवाज येणार नव्हता. तरी अप्पा मान तशीच वळवून थांबले होते.

"बरं," मी म्हणालो.